बाहेर वाळू देऊ नये : बेलसरे मॅडमच्या एका चिठ्ठीची हकिगत

डॉ. शरयू बेलसरे यांची आणि माझी पहिली भेट एका बिघडलेल्या दगडापाशी झाली. बिघडवला होता मी.

भोपाळच्या एका महाविद्यालयात भूशास्त्र विभागात मी तेव्हा नुकता लागलो होतो. नोकरी कच्ची, दर सहा महिन्यांनी नवा आदेश हातात पडेपर्यंत जिवात जीव नसायचा. काम मात्र मला आवडलं होतं. दगडाची चकती कापायची, काचपट्टीवर चिकटवायची आणि जाड काचेवर कुरुंदाची पावडर घेऊन ती घासत राहायची, दगडातून उजेड आरपार जाईपर्यंत. त्या दिवशी करवतीवर पाण्याची धार सोडून मी एक वालुकाश्म कापत होतो. अर्ध्यावर आल्यावर तो ठिसूळ झाला, कडेनं फुगला आणि बघता बघता माझ्या ओंजळीत त्याचा गाळ झाला. मागून आवाज आला.

"पाण्यानं कापलात?"

सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, बोटांना खडू. विभागात नव्या बाई आल्यात, वडील बरखेड्याच्या कारखान्यात इंजिनियर होते, शिक्षण पुण्याला झालंय, एवढं कानावर होतं.

"हो मॅडम. सगळे पाण्यानंच कापतात."

"बाकीच्या दगडांना चालतं. ह्याच्यातली माती पाणी पिते आणि फुगते. ह्याला रॉकेल घ्यायचं. नाव काय तुमचं?"

"ढोबळे."

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "नाव ढोबळे आणि काम केसाहून बारीक! कसं निभायचं?"

मी खाली मान घातली. त्यांनी पदर खोचला, स्वतः रॉकेलचा डबा ओढून आणला आणि दुसरा तुकडा माझ्यासमोर कापून दाखवला. सहा महिन्यांत मला कुणी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. 'सुनो ढोबळे' याचीच सवय झालेली. त्या 'तुम्ही'चं मला इतकं नवल वाटलं होतं की घरी जाऊन आईला सांगितलं.

आता मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि हा गौरवग्रंथ निघतो आहे. निमंत्रक श्री. अभय देशकर मॅडमचेच विद्यार्थी, आज मंडीदीपच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. त्यांनी मला आग्रहानं लिहायला सांगितलं आणि संदर्भासाठी म्हणून ग्रंथातल्या जीवनपरिचयाचा मसुदा पाठवला. वाचताना एका ओळीवर माझे डोळे थांबले. 'तेलक्षेत्राच्या नमुन्यांबाबत त्यांच्याकडून झालेल्या निष्काळजीपणाचा एक डाग सोडला, तर त्यांची कारकीर्द निष्कलंक आहे.'

मी देशकरांना फोन लावला. "अभयराव, ती ओळ काढा. ती खरी नाही."

"काका, ते तर सगळ्यांनाच माहीत आहे ना. छुपवून काय फायदा?"

"चूक झाली होती. त्यांची नव्हती."

"मग कुणाची होती?"

मी फोन ठेवून दिला. तीसेक वर्षं ज्या प्रश्नाला मी वळसा घालत आलो, तो असा सरळ दारात येऊन उभा राहिला. थोड्या वेळानं देशकरांचाच निरोप आला: छपाईला दोन आठवडे आहेत, मॅडम स्वतः म्हणाल्या तर ओळ बदलू, तोवर तुम्ही दोन पानं मस्त आठवणी लिहा, कविता-बिविता टाकून.

तीच ही पानं. दोनापेक्षा थोडी जास्त झाली आहेत.

कविता-बिविता असं ते का म्हणाले, ते आधी सांगतो. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले. मी वाढलो टी. टी. नगरच्या क्वार्टरात आणि शिकलो इथल्या मराठी शाळेत. आमचे मराठीचे मास्तर कविता शिकवत नसत, म्हणवून घेत. चाळीस पोरं एका सुरात म्हणायची, खिडकीबाहेर कडुनिंब हलत असायचा, आणि अर्थ न कळताच डोळे भरून यायचे. त्या चाळीसांतलं आता भोपाळात कोण उरलंय, मला ठाऊक नाही. कविता तेवढ्या उरल्या. दगड घासताना मी त्या पुटपुटायचो आणि हळूहळू ते माझं मापच होऊन बसलं. भरड पावडरीवर एक लांब कविता, मधल्या पावडरीवर दोन, अगदी बारीक पावडरीवर एक छोटी आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. गारगोटीचा कण फिकट करडा दिसला की थांबायचं. एकदा मॅडमनी विचारलं, "ह्या कापाला किती वेळ लागला?" मी गडबडीत बोलून गेलो, "तीन कविता, मॅडम." त्या हसल्या नाहीत. नोंदवहीत त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'घासण्याचा वेळ : तीन कविता.' ती वही पाहून तपासणीला आलेले एक साहेब गोंधळून गेले होते. मॅडम त्यांना गंभीरपणे म्हणाल्या, "सर, ये हमारी प्रयोगशाला का स्थानीय मात्रक है." मात्रक म्हणजे आपलं एकक.

मॅडमच्या कामाविषयी अधिकारानं लिहिणारे या ग्रंथात पुष्कळ आहेत. मी दगड घासणारा माणूस. घासता घासता जे समजलं, तेवढं सांगतो.

जमिनीखाली तेल तळ्यासारखं साचलेलं असतं, असं मला वाटायचं. आपल्या मोठ्या तलावासारखं, फक्त काळं. मॅडमनी तो भ्रम पहिल्याच महिन्यात घालवला. तेल असतं वालुकाश्माच्या पोटात, वाळूच्या कणाकणांमधल्या फटींत. दगड चांगला की वाईट, हे दोन गोष्टींवर ठरतं: फटी किती आहेत आणि एका फटीतून दुसरीत जायला वाट आहे का. या वाटांवर पहारा असतो मातीचा. ही कुंभाराची माती नव्हे. ही डोळ्यांना दिसतही नाही. ती पुष्कळदा दगड जमिनीत खोल दबलेला असताना त्याच्या फटींतच हळूहळू जन्मते. एक माती पुस्तकांच्या गठ्ठ्यांसारखी फटीत रचून बसते. तेल जोरात ओढलं तर तिची पानं सुटतात आणि पुढच्या अरुंद वाटेत जाऊन अडकतात. दुसरी गोडं पाणी मिळालं की फुगते. तिनंच माझी पहिल्या दिवशी फजिती केली होती. तिसरी माती केसांसारखी, इलाइट तिचं नाव. कणांच्या भिंतींवरून तिचे तंतू फटीत वाढत जातात. वजनात धरायला गेलं तर काहीच नाही. "मोरीच्या जाळीत केस तरी किती असतात, ढोबळे?" मॅडम म्हणायच्या. "चिमूटभर. पण पाणी तुंबतंच ना?"

आणि माती वैरीच असते, असंही नाही. हे शिकवायला त्यांनी एकदा वर्गात दोन डबे आणले होते. दोन्हींत साबुदाण्याची खिचडी. एकीचा गोळा झालेला, दुसरी मोकळी, दाणा दाण्यापासून सुटा. त्या हिंदीतून सांगत होत्या की खोल जमिनीत वाळूच्या कणांवर गारगोटीचे थर चढतात, कण एकमेकांना चिकटतात, फटी बुजतात. पण क्लोराइट नावाच्या मातीचं पातळ अस्तर कणांवर आधीच बसलेलं असेल, तर थर चढायला जागाच मिळत नाही आणि फटी शाबूत राहतात. जसा दाण्याचा कूट नीट लागला की साबुदाणा चिकटत नाही. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मैडम, ये पढ़ना है कि खाना है?"

"पहले पढ़ना," मॅडम म्हणाल्या, "जिसको समझ में आ गया, वो खाएगा।"

त्या दिवशी सगळ्यांनाच समजलं. वर्गाला त्यांचं सांगणं एवढंच असायचं: दगडात माती किती, हे शेवटी विचारा, कुठली, कुठे आणि कशी बसली आहे, हे आधी विचारा.

आता ती चिठ्ठी.

एका तेल कंपनीनं दूरच्या विहिरीतून काढलेले वालुकाश्माचे नमुने मॅडमकडे पाठवले. विभागाला एवढं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. नमुने चकचकीत कागदात गुंडाळून वर मेण लावून आले होते. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यांनी मला तीनदा बजावलं, "ये सैंपल बाहर नहीं जाने चाहिए। किसी को नहीं देना।" विभागात सगळे त्या नमुन्यांना 'वाळू' म्हणू लागले. तेलवाली वाळू. वाळू आली का, वाळू कुठंय, असं.

मॅडमनी मेण काढून रॉकेलवर छोटे तुकडे कापले, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळले आणि ताटलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ते बरण्यांत भरायचे होते. त्याच संध्याकाळी पुण्याहून फोन आला. आई आजारी. मॅडम मिळेल त्या गाडीनं निघाल्या. निघताना घाईघाईत एका चिठ्ठीवर लिहून ती ताटलीखाली सरकवून गेल्या:

'ढोबळे, बाहेर वाळू देऊ नये.'

पुण्याच्या माणसाला यात काही कोडं दिसणार नाही. नमुना उघड्यावर वाळू द्यायचा नाही, ओला राखायचा. पण आमच्या भोपाळच्या घरात काहीच 'वाळत' नाही, सगळं 'सुकतं'. कपडे सुकायला टाकतात, पापड सुकवतात, आंघोळीनंतर केस सुकतात. मला 'वाळू' म्हणजे नदीकाठची, कवितेतली, पावलांचे ठसे उमटतात ती. आणि विभागात तर 'वाळू' म्हणजे ही समोरची. मी चिठ्ठी वाचली आणि माझी छाती फुगली. बाहेर वाळू देऊ नये. कुणालाही द्यायची नाही. केवढा विश्वास!

कुलूप लागणारं एकच कपाट होतं. जुन्या मोठ्या ओव्हनचा खालचा कप्पा. वरच्या कप्प्यात विद्यार्थ्यांची माती दिवसभर तापत असायची. मी वाळू खाली ठेवली, कुलूप घातलं, किल्ली जानव्याला बांधली. चार दिवस. एक प्राध्यापक, जोशी सर, बघायला मागत होते, त्यांनाही मी नकार दिला. म्हणालो, "मॅडमनी लिहून दिलंय, सर." पाचव्या दिवशी सकाळी मॅडम यायच्या आत कप्पा उघडला, तर फडकं कोरडंठाक. व्यवस्थित दिसावं म्हणून बरणीतलं मिठाचं पाणी शिंपडून मी ते पुन्हा ओलं केलं.

मॅडम आल्या, त्यांनी फडक्याला हात लावला. ओलं होतं. "छान ठेवलंत," म्हणाल्या.

मोजणी झाली. दगडातून द्रव सुरळीत वाहत होता; वाटा मोकळ्या होत्या. अहवाल गेला: दगड चांगला आहे. कंपनीनं त्या भरवशावर पुढच्या विहिरी खणल्या. तेल होतं, पण येईना. पुढे त्यांनी दुसरीकडे नवे नमुने तपासून घेतले, त्यात वाटा जवळजवळ बंद निघाल्या.

चौकशीची बैठक ठरली. आदल्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. आवाज नेहमीसारखाच शांत.

"ढोबळे, मी पुण्याला गेले होते तेव्हा नमुने कुठे होते?"

"कुलपात, मॅडम."

"कुठल्या कुलपात?"

"ओव्हनच्या खालच्या कप्प्यात."

मग म्हणाल्या, "मी चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

"बाहेर वाळू देऊ नये. मी कुणालाही दिली नाही, मॅडम. जोशी सरांनासुद्धा नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला, कपाळाला हात लावला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. ते पाणी हसण्याचं होतं का, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

मग त्यांनी रंगाचा एक कुंचला काढून पेल्यातल्या पाण्यात बुडवला. पाण्यात त्याचे केस फुलले, सुटे झाले. बाहेर काढला, तर सगळे मिटून एकमेकांना चिकटले. "हे इलाइटचे तंतू," त्या म्हणाल्या. "जमिनीखाली ओल्या दगडात असे फुललेले असतात, वाट अडवून. दगड वाळला की ओसरणारं पाणी त्यांना भिंतीशी ओढून नेऊन चिकटवतं. मग वाट मोकळी दिसते. पुन्हा ओलं केलं तरी ते काही परत उभे राहत नाहीत." कुंचल्याचे राहिले असते. दगडातल्या मातीचे राहिले नाहीत.

मी म्हणालो, "मॅडम, उद्या मी सांगतो सगळ्यांना."

"काय सांगणार?"

"की चूक माझी."

"तुम्ही कच्चे आहात. उद्याच्या उद्या घरी पाठवतील. आणि माझी चूक तेवढीच राहील. एका चुकीला दोन माणसं कशाला?"

"तुमची कशी, मॅडम?"

"चिठ्ठी मी लिहिली. नमुने मी मागे ठेवून गेले. फडकं ओलं बघून मी पुढे विचारलं नाही. तुम्ही बोलायचं नाही, ढोबळे. हे माझं सांगणं आहे."

मी बोललो नाही. लिहायला हे एवढंच वाक्य आहे. त्याच्या आत तीसेक वर्षं आहेत.

बैठकीत मॅडम म्हणाल्या, "नमुने वाळले होते. जबाबदारी माझी." त्यांनी ना माझं नाव घेतलं, ना चिठ्ठीचं. काम काढून घेतलं गेलं. विभागप्रमुखपद त्यांच्याकडे यायचं होतं, ते दुसऱ्यांकडे गेलं. पुढच्या वर्षी मी पक्का झालो. शिफारशीवर सही मॅडमची होती.

हे सगळं मोठं दिसतं. मला मात्र टोचत राहिली ती एक लहान गोष्ट. दुपारी सगळे प्राध्यापक एका टेबलावर डबे उघडायचे. त्या बैठकीनंतर मॅडम टेबलापाशी आल्या की बोलणं थांबायचं. कुणी काही लावून बोललं नाही, फक्त थांबायचं. महिनाभरानं मॅडमनी डबा प्रयोगशाळेत आणला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच, करवतीशेजारच्या स्टुलावर बसून खाल्ला. मी पलीकडे पाठमोरा घासत असायचो. त्यांचं जेवण होईपर्यंत मी कविता मोठ्यानं म्हणायचो. दुसरं काय करणार होतो? कधी एखादी ओळ चुकली की त्या घास थांबवून दुरुस्त करायच्या.

त्याच दिवसांत त्यांनी आपल्या चुकीचाच अभ्यास सुरू केला. एकाच दगडाचे दोन तुकडे. एक साधा वाळवायचा, दुसऱ्यातलं पाणी अगदी अलगद, तंतूंना धक्का न लावता काढून घ्यायचं, आणि दोन्हींची चित्रं शेजारी ठेवायची. चित्रं काढायला लागणारा मोठा सूक्ष्मदर्शक दुसऱ्या शहरात होता; तिथे त्या स्वखर्चानं खेपा घालत. एकात तंतू भिंतीला लिंपलेले, दुसऱ्यात हवेत तरंगणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. "परदेशातल्या लोकांनी हे आधीच दाखवलंय," त्या प्रत्येकाला आवर्जून सांगत. "मी आपल्या दगडांत पाहिलं, एवढंच." सुधारलेला अहवाल त्यांनी कुणी मागितलेला नसताना कंपनीला पाठवला. कचेरीतल्या बाबूंनी त्यावर शिक्का मारला, 'संशोधित'. मॅडम मला शिक्का दाखवत म्हणाल्या, "बघा ढोबळे, मराठीत नवं शोधण्याला संशोधन म्हणतात आणि हिंदीत चूक दुरुस्त करण्याला. इतकी वर्षं भोपाळात राहिले म्हणून कळलं, काम एकच आहे."

त्या रीतीनं त्यांनी तयार केलेले विद्यार्थी आज देशभर दगड ओले राखून तपासतात. त्यांच्यातल्या किती जणांना या सावधगिरीचं मूळ ठाऊक असेल?

एक खाजगी गोष्ट सांगतो आणि मूळ मुद्द्यावर येतो. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी सुशीला गेली. मुलगा बेंगळुरूहून आला, तेरा दिवस राहिला, परत गेला. त्याला दोष नाही. त्यानं तरी किती राहावं? घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. अशा एका सकाळी मॅडम रिक्षा करून आल्या. गुडघे दुखत असताना दोन जिने चढल्या. तासभर बसल्या. उठताना पिशवीतून दगडांचं खोकं काढलं. "ढोबळे, याचे काप हवेत. घाई नाही. पण नीट हवेत."

मी जुनी काच शोधली, पावडर मागवली आणि खिडकीशी बसून घासायला लागलो. पहिल्या दिवशी ओठांवर कविताच येईना. आठवड्यानं आली. बावीस काप झाले. ते द्यायला मी बरखेड्याच्या पलीकडे त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सहज विचारलं, "मॅडम, सूक्ष्मदर्शक कुठला आहे आता?"

"सूक्ष्मदर्शक?" त्या म्हणाल्या. "तो कुठला माझ्याकडे?" आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय ज्यांचा काही उपयोग नाही, ते काप उजेडाकडे धरून एकेक पाहत राहिल्या. "सुरेख झालेत."

तर, मसुद्यातली ती ओळ घेऊन मी गेल्या मंगळवारी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा टाकला. कपाटात सहा कप आहेत. स्वतःचा ओट्यावरच होता; माझा काढून त्यांनी आधी धुऊन घेतला, कारण त्याच्यावर धूळ होती. मला ती दिसली, आणि मला ती दिसली हे त्यांनाही दिसलं.

मी ओळ वाचून दाखवली.

"ठीकच आहे की," त्या म्हणाल्या. "निष्काळजी होतेच मी. लिहिणाऱ्यानं वाचणारा कोण आहे, हे बघायला नको?"

"आणि वाचणाऱ्यानं?"

"तुम्ही कसले निष्काळजी? तुम्ही तर जास्तच काळजी घेतलीत. कुलूप लावलंत!"

"मॅडम, चेष्टा नको. ही ओळ छापली की कायमची होईल. आपण दोघंही नसू तेव्हा हीच राहील."

"मला या वयात आता कुठली खुर्ची मिळायची आहे, ढोबळे?"

"खुर्चीचं नाही हो." माझा आवाज चढला असावा. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. "तुम्ही निवृत्तीपर्यंत स्टुलावर बसून जेवलात. मी तेवढीच वर्षं पाठ करून उभा होतो. तेव्हा तुम्ही गप्प राहायला सांगितलंत, मी राहिलो. आता मी कच्चा नाही. निवृत्त माणसाला कोण काढणार आहे?"

त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. बाहेर कारखान्याच्या पाळीची माणसं सायकलींवरून परत चालली होती. म्हणाल्या, "लोक येईनासे झाले, त्याचं मात्र वाईट वाटलं. पदाचं नाही वाटलं." एवढ्या वर्षांत त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच वाक्य.

मग वळून म्हणाल्या, "लिहा. पण अर्धं नको. चिठ्ठी मी लिहिली, फडकं मी पुढे तपासलं नाही, हेही लिहा. रडकं लिहू नका. आणि छापायला देण्याआधी वेलांट्या कुणाकडून तरी बघून घ्या."

वेलांट्या त्यांनीच पाहिल्या. हा लेख त्यांनी वाचलेला आहे. एका ठिकाणी मी त्यांना 'थोर' म्हटलं होतं, ते त्यांनी खोडलं. बाकी हात लावला नाही.

तेव्हा संपादक मंडळाला माझी विनंती आहे, की जीवनपरिचयातली ती ओळ अशी छापावी: 'तेलक्षेत्राचे नमुने प्रयोगशाळा सहायक ढोबळे यांच्या गैरसमजामुळे वाळले, त्याची जबाबदारी डॉ. बेलसरे यांनी एकट्यांनी घेतली.' देशकरांनी होकार कळवला आहे. फोनवर त्यांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. शेवटी म्हणाले, "काका, मी पण तेव्हापासून मॅडमकडे जाणं सोडलं होतं."

अभयराव, आणि हे वाचणाऱ्या बाकी सगळ्यांनो, मॅडम सकाळी दहानंतर घरी असतात. बेल वाजवली की जरा थांबा; गुडघ्यांमुळे त्यांना दारापर्यंत यायला वेळ लागतो. तेवढ्यात घरात कुणी नाही असं समजून माघारी फिरू नका. पुष्कळ जण फिरले आहेत.

मॅडमना उत्तम आरोग्य लाभो, डोळे असेच तेज राहोत, गुडघ्यांनी थोडी दया करावी आणि त्यांनी शंभरी पाहावी, अशी मी रोज मनोभावे प्रार्थना करतो. मात्र एकट्या माणसासाठी नुसतं दीर्घ आयुष्य मागणं हे अर्धंच मागणं आहे, हे मी माझ्या घरात शिकलो. उरलेलं अर्धं देवाकडे नाही, तुमच्याकडे मागतो आहे. त्यांच्याकडे जात जा.